क्रियापदाची जागा
माहूर परिसरातील शाळांत इंग्रजी वाक्यरचनेचा सराव कसा करावा?

शारदीय नवरात्रात माहूरगडाच्या पायथ्याशी उभे राहिले की, एकाच वेळी अनेक भाषा कानांवर पडतात. रेणुकामातेच्या दर्शनाला आलेले भाविक मराठी बोलतात. तसेच तेलुगूही बोलतात, कारण आदिलाबादचा प्रदेश येथून दूर नाही. पैनगंगेपलीकडून यवतमाळकडील वऱ्हाडी वळणाची मराठी येते. तांड्यांवरील बंजारा मंडळी आपसांत गोरमाटी बोलतात, पाड्यांवरील गोंड व कोलाम बांधव गोंडी आणि कोलामी बोलतात आणि बाजारात दखनी उर्दूचा वापर सर्रास होतो. हे चित्र एका दिवसात तयार झालेले नाही. माहूर ज्याचा भाग होता तो किनवट तालुका निजामी राजवटीत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. राज्यकारभाराची भाषा येथे फारसी होती, पुढे उर्दू झाली आणि त्यानंतर मराठी झाली.

या साऱ्या भाषांतरांत एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. ती म्हणजे वाक्यातील क्रियापदाची जागा. फारसी असो, उर्दू असो वा मराठी. गोंडी असो वा तेलुगू. क्रियापद वाक्याच्या शेवटीच येते. क्रियापदाला ती जागा सोडावयास लावणारी पहिली भाषा या परिसरातील विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली, ती इंग्रजी होय.

दोष कोणाचा?

महाराष्ट्रातील सर्व शाळांत जून २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. तत्पूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांतील विद्यार्थी पाचवीत इंग्रजीच्या वर्गात प्रवेश करीत असे. साहजिकच, ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरविली, त्यांच्यावरच पहिलीच्या बालकांना ती भाषा शिकविण्याची जबाबदारी आली. त्यातही वाडी-तांड्यांवरील द्विशिक्षकी शाळांतील गुरुजींची स्थिती अधिक कठीण. एका खोलीत दोन इयत्ता, घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले आणि समोर इंग्रजीचे पुस्तक.

अशा वर्गात मुलाला 'मी पाणी पितो' हे इंग्रजीत सांगावयास सांगितले, तर 'आय वॉटर ड्रिंक' असे उत्तर वारंवार मिळते. शब्द तिन्ही बरोबर आहेत. अर्थही मुलाला कळलेला आहे. तरीही वाक्य चुकले म्हणून वहीत लाल रेघ ओढली जाते आणि पुष्कळदा एक शेरा दिला जातो की, मुलाच्या घरी वेगळीच बोली आहे, त्याला अजून मराठीच नीट येत नाही, मग इंग्रजी कोठून येणार? हा शेरा वरवर सहानुभूतीचा वाटतो. वस्तुतः तो चुकीचा आहे आणि त्याचे परिणाम दूरवर जातात. आपल्या घरची भाषाच आपल्याला आडवी येते, असे एकदा मुलाच्या मनाने घेतले की ते वर्गात तोंड उघडेनासे होते. दहावीच्या परीक्षेत इंग्रजीत मागे पडणाऱ्या अनेक मुलांचे मागे पडणे त्या गप्प बसण्यापासून सुरू झालेले असते.

हा शेरा चुकीचा का, ते तपासून पाहण्यासारखे आहे. 'मी पाणी पितो' हेच वाक्य उर्दूत 'मैं पानी पीता हूँ' असे होते आणि तेलुगूत 'नेनु नीळ्ळु तागुतानु' असे होते. प्रथम कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. गोरमाटी, गोंडी व कोलामी या भाषांतही हाच क्रम आहे. वास्तविक यांतील काही भाषा एका कुळातील नव्हेत. मराठी, उर्दू व गोरमाटी या आर्यकुळातील, तर तेलुगू, गोंडी व कोलामी या द्राविड कुळातील भाषा होत. तथापि शतकानुशतके शेजारी नांदल्याने या दोन कुळांच्या बोलण्याच्या रीती एकमेकींसारख्या झाल्या, हे मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली 'भारत : एक भाषिक क्षेत्र' या अर्थाच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात सप्रमाण मांडले. याच एमेनो यांनी वर्धा परिसरातील कोलामांची बोली ऐकून तिचा अभ्यास केला होता आणि १९५५ मध्ये कोलामी भाषेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता. ज्या बोलीला आपल्याकडे अनेकदा 'गावंढळ' म्हणून बाजूला सारले जाते, तिचे व्याकरण कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापकाने काळजीपूर्वक लिहून ठेवले आहे, ही गोष्ट कोलाम विद्यार्थ्यांच्या शिक्षकांना अवश्य ठाऊक असावी.

तेव्हा माहूरच्या वर्गात चार-पाच भाषा असल्या तरी शब्दक्रमाची अडचण मात्र एकच आहे. नांदेड शहरातील वकिलाच्या मुलाला जी अडचण येते, तीच कोलाम पाड्यावरील मुलीला येते. शहरातील मुलाच्या कानांवर इंग्रजी अधिक पडते, त्याच्या घरात पुस्तके असतात, शिकवणी असते, हा भेद खरा. पण तो घरच्या भाषेचा भेद नव्हे. शिक्षकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. एक अडचण नीट समजावून दिली की ती साऱ्या वर्गासाठी दूर होते.

वाघ आणि गाय

क्रमाला इंग्रजीत एवढे महत्त्व का, हे मुलांना प्रथम पटवून दिले पाहिजे. 'तेथे तसेच बोलतात' एवढे उत्तर पुरेसे नाही.

जंगलालगतच्या गावांत सहज समजेल असे एक उदाहरण घेता येईल. 'वाघाने गाय मारली' हे वाक्य 'गाय वाघाने मारली' असे म्हटले, किंवा 'मारली गाय वाघाने' असे म्हटले, तरी कोणी कोणाला मारले याविषयी संशय राहत नाही. वाघाला चिकटलेला 'ने' हा प्रत्यय ते काम करतो. शब्द कोठेही ठेवावा, प्रत्यय त्याची ओळख सांगतो. इंग्रजी नामांना असा प्रत्यय नाही. तेथे 'द टायगर किल्ड द काऊ' या वाक्यात वाघ मारणारा ठरतो, तो केवळ क्रियापदाच्या आधी उभा आहे म्हणून. दोन शब्दांची अदलाबदल करून 'द काऊ किल्ड द टायगर' असे लिहिले, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते. पण गायीने वाघ मारल्याचे निष्पन्न होते. नुकसानभरपाईचा अर्ज मराठीतच केला जातो, हे एका परीने बरेच म्हणावयाचे!

मराठीतही सर्वस्वी क्रमावाचून भागते असे नाही. 'मांजर उंदीर खाते' यात दोन्ही नामे प्रत्ययाविना आहेत आणि तेथे आपणही क्रमाचा आधार घेतो. परंतु असे प्रसंग थोडे.

इंग्रजीची ही स्थिती पहिल्यापासून नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय लागत आणि शब्दांना हालचालीची मोकळीक होती. पुढील काही शतकांत शब्दांचे शेवट झिजत गेले, प्रत्यय गळून पडले आणि त्यांचे काम शब्दाच्या जागेवर येऊन पडले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राजदरबारातून इंग्रजी मागे पडली, त्या काळात हा बदल विशेष पुढे गेला. म्हणजे इंग्रजीचा ताठ क्रम हा तिच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा नव्हे. हरवलेल्या प्रत्ययांची ती भरपाई आहे. जगातील भाषांची मोजदाद केली, तर क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांचीच संख्या सर्वाधिक भरते. जपानी, कोरियन, तुर्की या भाषा त्यांतल्याच. मुलांना हे सांगितले, तर आपण काही उलटे बोलतो हा त्यांचा समज नाहीसा होईल.

मंदिराच्या पायऱ्या

क्रियापदाबरोबर आणखी एक गोष्ट बदलते आणि ती पाठ्यपुस्तकात सहसा एकत्र मांडलेली आढळत नाही. पुढील वाक्य पाहावे :

'आजी रेणुकादेवीच्या मंदिराच्या पायऱ्यांवर बसली.'

इंग्रजीत ते असे होईल : 'ग्रँडमदर सॅट ऑन द स्टेप्स ऑफ द टेंपल ऑफ रेणुकादेवी.' आजी आपल्या जागी राहिली. तिच्यापुढील सारे मात्र आरशात पाहावे तसे उलटले. मराठीत शेवटी असलेले 'बसली' आजीच्या लगत आले. त्यानंतर 'वर', मग 'पायऱ्या', मग 'मंदिर' आणि सर्वांत शेवटी रेणुकादेवी. मराठीत आपण देवीपासून निघून पायऱ्यांपर्यंत उतरतो. इंग्रजीत पायऱ्यांपासून देवीपर्यंत चढतो. हे वाक्य फळ्यावर लिहून शब्दांना आकडे दिले, तर चौथीच्या मुलालाही ही उलटापालट दिसते.

हा केवळ योगायोग नव्हे. ज्या भाषांत क्रियापद शेवटी येते, त्यांत 'वर', 'खाली', 'साठी' यांसारखी शब्दयोगी अव्यये बहुधा नामाच्या मागे येतात. जेथे क्रियापद कर्मापूर्वी येते, तेथे ती बहुधा नामाच्या पुढे येतात, असे निरीक्षण जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये अनेक भाषांची तुलना करून नोंदविले. म्हणून 'टेबलावर' आणि 'ऑन द टेबल' हा धडा वेगळा, 'पाणी पितो' आणि 'ड्रिंक वॉटर' हा धडा वेगळा, असे न करता दोन्ही एकाच सूत्रात शिकविल्यास श्रम वाचतात. आरशाचा नियम अर्थात सर्वत्र लागू नाही. विशेषण इंग्रजीतही नामाआधीच येते. 'जुनी पायरी' ही 'ओल्ड स्टेप'च राहते. 'रेणुकाज टेंपल' असे म्हटले, तर क्रम मराठीसारखाच असतो. हे अपवाद मुलांना नंतर सांगावेत; पहिल्याच दिवशी सांगितल्यास आरसाही गेला आणि प्रतिमाही गेली, अशी अवस्था व्हावयाची.

मुलांजवळ असलेले भांडवल

सराव कोठून सुरू करावा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुलांच्या स्वतःच्या बोलण्यात सापडते.

मराठीत क्रियापद शेवटी येते हे लेखी भाषेबाबत जेवढे खरे, तेवढे बोलण्याबाबत नाही. धावत घरी आलेला मुलगा 'मी काल रानात वाघ पाहिला' असे शांतपणे सांगत नाही. तो म्हणतो, 'मी पाहिला वाघ!' हा क्रम आणि 'आय सॉ अ टायगर' हा क्रम एकच आहे. 'आई देते भाकरी', 'मामाने घेतला बैल', 'ताईने आणले पाणी' अशी वाक्ये मुले भरभर सांगू शकतात. त्यांत चूक काहीच नाही. भर देऊन बोलण्याची ती आपली जुनी रीत आहे आणि शेजारच्या उर्दूतही ती आढळते. शिक्षकाने प्रथम अशी दहा-वीस मराठी वाक्ये मुलांकडून म्हणवून घ्यावीत आणि मग सांगावे की, तुम्ही जे उत्साहात बोलता, ते इंग्रज माणूस नेहमीच बोलतो. नवीन काही शिकावयाचे नाही, असलेली सवय तेवढी वापरावयाची आहे, असे वाटले की मुलांची भीती निम्मी ओसरते.

त्यानंतर वर्गातच खेळ मांडता येतो. तीन मुलांच्या हाती पाट्या द्याव्यात. एकीवर 'आय', दुसरीवर 'वॉटर', तिसरीवर 'ड्रिंक'. प्रथम त्यांनी मराठी क्रमाने उभे राहावे. मग 'ड्रिंक'ची पाटी घेतलेल्या मुलाने रांगेच्या शेवटून निघून मधल्या जागी येऊन उभे राहावे आणि साऱ्या वर्गाने वाक्य मोठ्याने म्हणावे. क्रियापद चालत जाताना मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असले की, वहीत लिहिताना ते पुन्हा शेवटी जाऊन बसत नाही. यास खर्च काही नाही. पाट्या नसतील तर जुन्या दिनदर्शिकांची कोरी पाठ चालते.

तोंडी सरावासाठी तीन रकान्यांची सारणी उपयोगी पडते. पहिल्या रकान्यात 'माय फादर', 'माय अंकल', 'माय ब्रदर'. दुसऱ्यात 'ग्रोज', 'सेल्स', 'बायज'. तिसऱ्यात 'कॉटन', 'राइस', 'व्हीट'. कोणताही शब्द घेऊन डावीकडून उजवीकडे वाचले, तर २७ वाक्ये तयार होतात आणि एकही चुकत नाही. मुलाला सलग २७ वेळा बरोबर बोलण्याचा अनुभव येतो, हा या सारणीचा मोठा गुण. हॅरोल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये, म्हणजे क्रियापद शेवटी ठेवणाऱ्यांच्याच देशात, इंग्रजी शिकविताना वाक्यांच्या साच्यांवर भर दिला. १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली आणि भारतातील शिक्षक-प्रशिक्षणात या रचनापद्धतीला पुढे बरेच बळ मिळाले.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर प्रकल्पातून असे प्रतिपादन केले की, साचे घोकविण्यापेक्षा मुलांना अर्थपूर्ण कामात गुंतवावे. नकाशा वाचावा, वेळापत्रक पाहावे, आणि भाषा त्या ओघात येते. यात तथ्य आहे. 'माय अंकल सेल्स राइस' हे वाक्य मामा भात विकत नसताना शंभर वेळा म्हणण्यात फारसे स्वारस्य नाही. परंतु ज्या वर्गात इंग्रजी बोलणारी व्यक्ती म्हणजे एकटे गुरुजीच, आणि तेही चाचपडत बोलणारे, तेथे साच्याचा आधार काढून घेणे व्यवहार्य दिसत नाही. साच्यातून शब्दक्रम पक्का करावा आणि मग माहूर बसस्थानकावरील वेळापत्रक किंवा खताच्या पोत्यावरील मजकूर हाती द्यावा, हा मध्यम मार्ग या शाळांना अधिक मानवेल. आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी पक्के केले, हेही विसरून चालणार नाही. भाषांतर हा शत्रू नव्हे. शब्दास शब्द ठेवणे हा खरा शत्रू होय; आणि या बाबतीत मुलांना बोल लावण्यापूर्वी शासकीय परिपत्रकांतील इंग्रजी वळणाच्या मराठीकडे एकदा पाहिलेले बरे.

'इट' आणि 'डू'

पुढील वर्गांत दोन अडथळे येतात. पहिला लहान आहे. मराठी क्रियापदच कर्त्याची ओळख सांगते, म्हणून 'जेवलास का?' यात 'तू' लागत नाही. इंग्रजीत कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. बसावयास कोणी नसेल तर 'इट'ला बसवितात. 'इट इज रेनिंग' यातील 'इट' कोण, असे मुलाने विचारल्यास 'कोणी नाही, जागा धरून बसला आहे' असे उत्तर द्यावे. ते बरोबरही आहे. 'मला भूक लागली' यातील 'मला' तेथे 'आय' होऊन त्याच खुर्चीवर बसतो.

दुसरा अडथळा प्रश्नाचा. मराठीत 'तू कुठे राहतोस?' असे विचारताना शब्द जागचे हलत नाहीत. म्हणून 'यू व्हेअर लिव्ह?' किंवा 'व्हेअर यू लिव्ह?' असे प्रश्न ऐकू येतात. येथे 'डू' हा साहाय्यक कर्त्यापूर्वी आणून उभा करावा लागतो : 'व्हेअर डू यू लिव्ह?' पाट्यांचा खेळ येथे पुन्हा कामी येतो. 'डू'ची पाटी घेतलेला मुलगा वाक्यात नसतोच. प्रश्न विचारावयाचा झाला की तो बाहेरून येतो. नकारातही तोच येतो आणि 'नॉट'ला बरोबर घेऊन येतो, कारण मराठीतील 'नाही'प्रमाणे 'नॉट'ला वाक्याच्या शेवटी उभे राहता येत नाही. सातवी-आठवीपर्यंत हा 'डू' मुलांच्या जिभेवर बसावा. नोकरभरतीच्या परीक्षांत विस्कळीत शब्दांचे वाक्य जुळविण्याचे प्रश्न असतात, तेथे याच ठिकाणी उमेदवारांचे गुण जातात.

आणि तो बसला की गुरुजींना एक नवी चूक दिसू लागते. 'बस केव्हा येते ते त्याला विचार' याचे भाषांतर हुशार मुले 'आस्क हिम व्हेन डज द बस कम' असे करतात. प्रश्नाची रचना शिकण्यासाठी त्यांनी घेतलेल्या कष्टांचाच तो परिणाम असल्याने ही चूक रागावण्याजोगी नव्हे. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की साहाय्यकाचे काम उरत नाही आणि कर्ता-क्रियापद आपल्या मूळ क्रमावर येतात : 'आस्क हिम व्हेन द बस कम्स.' हा धडा घेण्याच्या दिवशी 'डू' आणि 'डज' यांच्या पाट्या गुरुजींनी आधीच कपाटात ठेवून द्याव्यात आणि त्या मागावयास कोण येते, ते पाहावे.